वर्ग 2 चा शिक्का नेमका कोणत्या कायद्याचा? माझा अनुभव

आमच्या शेताचा वर्ग 2 (विकायला बंधन असलेली जमीन) काढून वर्ग 1 (तसं बंधन नसलेली) करायला श्रावणात अर्ज दिला आणि वर्ग 1 चा उतारा हातात पडला तेव्हा शेतात दादर हुरड्यावर आली होती. त्यातले साडेतीन महिने एकाच टेबलावर गेले. अजून आठवलं की चीड येते.

जळगाव जिल्ह्यात आमची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. आईच्या उपचारांसाठी त्यातला एक एकर शेजारच्या शेतकऱ्याला द्यायचं ठरलं. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' होतं आणि इतर हक्कात 'कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र' अशी ओळ होती. कारकुनाने फक्त वर्ग 2 वाचलं. "सरकारी जमीन आहे भाऊ, बाजारभावावर नजराणा बसेल. आधी मूल्यांकन आणा." मी मूल्यांकन आणलं. नजराण्याचा, म्हणजे सरकारला भरायच्या रकमेचा, आकडा पाहून पोटात गोळा आला, एक एकराच्या पैशातला मोठा हिस्सा त्यातच गेला असता. मग फाईल पडून राहिली. कधी साहेब मीटिंगला, कधी कारकून रजेवर. कापसाची वेचणी सोडून मी दर आठवड्याला तालुक्याला जात होतो.

घरी आजीला सांगितलं तर ती उसळलीच. "सरकारनी दियेल नही शे रे, तुना आजानी हप्ता भरेल शेतस!"

ती बरोबर होती. आजोबा कूळ होते. 1948 च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 पासून कुळं कसत असलेल्या जमिनीची मालक मानली गेली. कलम 32ग खाली किंमत ठरली, ती भरल्यावर 32म चं, म्हणजे खरेदीचं, प्रमाणपत्र मिळालं. आमची जमीन वर्ग 2 झाली ती अशी. सरकारने वाटलेली, वतनाची, सीलिंगमध्ये (कमाल जमीन मर्यादेच्या कायद्यात) मिळालेली जमीनही वर्ग 2 च असते, पण प्रत्येकीचा कायदा वेगळा, अटी वेगळ्या आणि नजराणाही वेगळा.

मी हे सांगितल्यावर कारकून म्हणाले, "मग 32म चं प्रमाणपत्र दाखवा." ते घरात नव्हतं. अभिलेख कक्षात तीन खेपा मारल्या, तिन्ही वेळा 'सापडत नाही'. शेवटी उताऱ्यावरच्या जुन्या फेरफाराच्या (हक्कबदलाच्या नोंदीच्या) क्रमांकावरून नक्कल काढली. त्यात 32ग च्या आदेशाचा क्रमांक होता. तो क्रमांक दिल्यावर प्रकरण दोन दिवसांत निघालं. म्हणून जुना फेरफार पहिल्याच दिवशी काढा, अर्ज लिहिण्याच्याही आधी.

कूळकायद्याच्या 2014 च्या दुरुस्तीनंतर, कुळाच्या खरेदीला 10 वर्षं झालेली जमीन विकायला पूर्वपरवानगी लागत नाही. आकाराच्या, म्हणजे उताऱ्यावरच्या शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा भरायचा. आमचा आकार 6.25 रुपये, म्हणजे नजराणा 250 रुपये. अडीचशे रुपयांसाठी माझे साडेतीन महिने गेले! चलन भरलं, आदेश झाला, फेरफाराची नोटीस निघाली, हरकत आली नाही.

घेणारा शेतकरीच हवा आणि त्याची एकूण जमीन सीलिंगच्या आत हवी. तुकडा प्रमाणभूत (कायद्याने ठरवलेल्या किमान) क्षेत्रापेक्षा लहान नको, 2023 पासून ते जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे आहे. आमचा एकर म्हणजे 40 गुंठे, त्यामुळे अडलं नाही. वारसनोंद आधीच करून घ्या. आमच्याकडे आत्यांची नावं आधीच लागली होती, त्यामुळे सह्यांचा खोळंबा झाला नाही.

नंदुरबारकडच्या एका मित्राने विचारलं, माझ्यासारखाच अर्ज करू का? त्याची जमीन आदिवासी खातेदाराची आहे. तिथे महसूल संहितेचं कलम 36अ लागतं. बिगर-आदिवासीला द्यायची तर शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. 40 पटीने तिथे काही होत नाही, आणि ते संरक्षण असायलाच हवं.

एक सांगायचं राहिलं. नव्या उताऱ्यावर वर्ग 1 आलं तरी इतर हक्कातली कलम 43 ची ओळ तशीच होती. मी घरी येऊन वाचलं आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो. कचेरीतून निघण्याआधी उतारा तिथेच उभं राहून वाचा. आठवड्याने ती ओळ गेली आणि त्याच संध्याकाळी शेजाऱ्याकडून इसार घेतला.