गोजिरा

शुक्रवार, रात्री

खोकं दुपारीच आलं होतं. कामाचा शेवटचा फोन संपेपर्यंत उघडलं नाही, टेबलाच्या कडेला ठेवून अधूनमधून त्याच्याकडे बघत राहिले. चाळिशी उलटलेल्या बाईनं खेळण्याच्या खोक्याकडे असं बघावं का, हा प्रश्न आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. तोंडातून मात्र एवढंच आलं, "काय गं आहे त्यात?"

"गोजिरा."

तिला वाटलं मी लाडानं बोलतेय. गॉडझिला या जपानी सिनेमातल्या राक्षसी प्राण्याचं मूळ नाव गोजिरा. गोरिरा म्हणजे गोरिला आणि कुजिरा म्हणजे देवमासा, हे दोन शब्द जोडून केलेलं. आपल्या साजिऱ्या-गोजिऱ्याशी त्याचा सुतराम संबंध नाही, हे मी समजावून सांगेपर्यंत तिनं खोकं स्वतःकडे वळवून घेतलं होतं. पारदर्शक खिडकीतून नीट पाहिलं आणि म्हणाली, "नाव गोजिरा, आणि थोबाड हे?"

मग, "बाहुल्यासाठी एवढी वाट बघत होतीस होय?"

बाहुला नाही आई, ॲक्शन फिगर. असं म्हणाले खरं, पण तिचंच बरोबर आहे. १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीनं जी.आय. जो नावाचा सैनिक बाजारात आणला तेव्हा मुलगे बाहुली घेऊन खेळणार नाहीत या धास्तीपोटी 'ॲक्शन फिगर' हा शब्द काढला गेला. सांधे असलेला बाहुला, एवढाच त्याचा अर्थ. मीही इतकी वर्षं तो शब्द त्याच धास्तीनं वापरतेय बहुतेक.

झोपायच्या आधी पायाची बोटं तेवढी मोजली. चार. झोप लागेल आता.

शनिवार

बोटांचं सांगते. १९५४ च्या पहिल्या गॉडझिलाला पायाला चार बोटं होती आणि डोक्यावर बारीक कान होते. १९६२ मध्ये किंगकाँगशी मारामारी करायला आला तेव्हा बोटं तीन झाली आणि कानही गेले. वेगवेगळ्या काळातले अवयव एकाच अंगावर चिकटवलेली कितीतरी खेळणी मी पाहिली आहेत. हिरवा रंग तर विचारूच नका. पहिला सिनेमा कृष्णधवल आणि आतला माणूस घालायचा तो गॉडझिलाचा पोशाख कोळशासारखा करडा, तरी खेळणं हिरवंच. हा माझा मात्र करडा आहे. काळ्यावर राखाडी रंगाची कोरडी ब्रश फिरवलेली, त्यामुळे सुरकुत्यांच्या कडा उजळतात आणि खाचा काळ्या राहतात. रंगकाम कमी आहे आणि तेच बरं. दात तेवढे जरा जास्त पांढरे झालेत, नुकतेच घासल्यासारखे.

उंची साधारण १६ सेंटिमीटर. शेपूट वेगळं येतं, कमरेच्या खुंटीत दाबून बसवायचं. इथे माझा जीव खालीवर झाला, कारण खुंटी तसूभरही आत जाईना. नवीन असताना जोर केला तर प्लॅस्टिकवर पांढरी रेघ उमटते आणि ती रेघ मग जन्मभर दिसते. हेअर ड्रायरची गरम हवा अर्धा मिनिट दिली तेव्हा कुठे ते 'टक' करून बसलं.

कातडीवर भिंग धरून बराच वेळ बसले. खवले नाहीत. सरड्याचं, मगरीचं असं काहीच नाही. वेड्यावाकड्या उभ्या वळ्या आणि मध्येमध्ये गाठी, भाजलेली जखम भरून आल्यावर कातडी जशी ओढली जाते तशा. अणुबॉम्बमधून वाचलेल्या माणसांच्या अंगावरचे व्रण डोळ्यांपुढे ठेवून ही कातडी घडवली, असं सांगितलं जातं. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटांवर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि त्याची राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांच्या अंगावर पडली. बोटीचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरात गेला. ३ नोव्हेंबरला सिनेमा लागला, आणि त्याची सुरुवातच समुद्रातल्या एका बोटीवर पडलेल्या लखलखाटानं होते. आठ महिन्यांचं अंतर. ज्यांनी तिकीट काढून तो पाहिला त्यांना ही कातडी कशाची आहे हे कुणी समजावून सांगावं लागलं नसणार.

त्या वळ्यांवरून अंगठा फिरवत होते, तो थांबला. खेळण्याच्या पृष्ठभागाला किती छान 'डिटेलिंग' आहे असं लिहायला बसले होते मी. छान आहेच. पण तो शब्द इथे बसेना.

तक्रारी दोन. मान आणि छाती यांच्या मध्ये फट दिसते, डोकं वर केलं की जास्तच. आणि डावा घोटा सैल वाटतोय. डोक्याचं कौतुक मात्र करायला हवं. त्या सिनेमात गॉडझिलाचे चेहरे खरं तर दोन आहेत. चालताना दिसतो तो पोशाखाचा, आणि जवळून दिसतो तो हातात घालून हलवायच्या बाहुल्याचा. दोन्ही तंतोतंत सारखे नाहीत. माझ्या मूर्तिकारानं पोशाखाचं डोकं निवडलंय, जरा फुगीर, डोळे वटारलेले, थोडंसं भांबावलेलं. भीती दाखवायची म्हणून बाहुल्याचं टोकदार थोबाड घेणं सोपं होतं. भांबावलेला चेहरा घ्यायला धीर लागतो.

रविवार

ताई आणि तिचा मुलगा आले होते. वय वर्षं नऊ. आल्या आल्या, "मावशी, हा किती जागी वाकतो?"

मी मोजले होते. शेपटीचे धरून ३८ सांधे. खांद्याला, कोपराला, मांडीला, गुडघ्याला बॉल जॉइंट, म्हणजे खोबणीत फिरणारा गोळा. जबडासुद्धा उघडतो. पाच मिनिटांत त्यानं गॉडझिलाला एका पायावर उभं करून लाथ मारायला लावली. मग कराटे. मग पालथा पाडून पोहायला लावलं. मी हसत होते, कारण सांध्यांची खरी परीक्षा तोच घेत होता. मला गुडघा इतका मुडपायचा धीर झाला नसता.

"मावशी, सिनेमात पण अशी लाथ मारतो?"

या सिनेमात नाही. पुढे पुढे मारायला लागला, उड्याही मारल्या, कारण पुढच्या सिनेमांचे प्रेक्षक बरेचसे तुझ्याएवढेच होते. पण पहिल्यांदा त्याच्या आत नाकाजिमा हारुओ नावाचा माणूस होता, आणि बांबू, तारा, रबर यांचा तो पोशाख इतका जड नि ताठ की पहिल्या प्रयत्नात धड चालताच येईना. सुमारे १०० किलो. शेवटी दुसरा, जरा हलका पोशाख केला आणि पहिला कमरेतून कापून नुसते पाय दाखवायला वापरला. नाकाजिमा प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं कशी चालतात ते बघत बसायचा. दिव्यांच्या उष्णतेत, त्या रबराच्या आत, घाम गाळत गाळत.

"मग त्याला किती सांधे होते?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. माणसाला असतात तेवढे, पण वापरता येत नव्हते.

सोमवार

सकाळी फळीखाली पालथा सापडला. डाव्या घोट्यानं रात्री कधीतरी दगा दिला. पाठीवरच्या कंगोऱ्यांपैकी मधल्या रांगेतलं एक टोक वाकलंय. रंग गेला नाही, हे नशीब.

संध्याकाळपर्यंत कंपनीला मनातल्या मनात पुष्कळ बोलले. सगळा भार ज्या घोट्यावर येणार, तोच सैल सोडायचा म्हणजे कमाल आहे.

बुधवार

दुरुस्ती केली. वाकलेलं टोक गरम पाण्यात धरलं. पीव्हीसी मऊ पडलं की साच्यातला आपला मूळ आकार बऱ्यापैकी आठवतं. बोटानं जरा सरळ केलं आणि लगेच थंड पाण्यात बुडवलं. घोट्यासाठी पाऊल ओढून काढलं आणि गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर दिला. पूर्ण वाळू द्यायचं, घाई केली तर सांधा चिकटून बसतो. मी घाई केली नाही. दुसरा थर दिल्यावर पाऊल असं घट्ट बसलं की कारखान्यानं पाहायला यावं.

मग फोटो काढत बसले, आणि तिथे एक गोष्ट लक्षात आली ती लिहून ठेवते.

फोटो एकही जमेना. लाथ मारणारा, डरकाळी फोडणारा, हात उगारलेला, प्रत्येक फोटोत तो १६ सेंटिमीटरचाच दिसत होता. कॅमेरा टेबलाच्या पातळीवर आणला, पाठीमागे काळं कापड लावलं, एकच दिवा बाजूनं ठेवला. थोडा फरक पडला. मग चिडून सगळे सांधे परत आणले. हात छातीपाशी, कोपरं जेमतेम सुटलेली. एक पाऊल अर्धं पुढे. शेपूट जमिनीवर टेकलेलं. मान किंचित खाली, म्हणजे ती फटही झाकली गेली. आणि एकदम तो मोठा झाला.

३८ सांध्यांपैकी मी सहा वापरले होते.

उंची सिनेमात ५० मीटर. म्हणजे माझा साधारण १/३१२ प्रमाणातला, आणि त्याच्यासमोरचा माणूस साडेपाच मिलिमीटरचा, एखाद्या मुंगीएवढा. ५० मीटरवरून दगड खाली पडायला सव्वातीन सेकंद लागतात. १६ सेंटिमीटरवरून पडायला पाव सेकंदसुद्धा लागत नाही. आपला डोळा गणित करत नाही, पण पडायला किती वेळ लागला यावरून वस्तू केवढी आहे ते त्याला कळतं. त्सुबुराया एइजी, ज्यांनी त्या सिनेमाची ट्रिकदृश्यं केली, त्यांनी यावरच सगळा खेळ केला. शहराचे नमुने १/२५ प्रमाणात, पोशाख दोन मीटरच्या आसपास, आणि कॅमेरा नेहमीपेक्षा वेगानं फिरवलेला, म्हणजे पडद्यावर सगळं संथ होतं. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळानं बदलतो, आणि २५ चं वर्गमूळ पाच. पाचपट संथ केलं की कोसळणारी भिंत खऱ्या भिंतीइतकाच वेळ घेते.

माझ्या गोजिऱ्याला जवळजवळ अठरापट लागेल. मोबाइल सेकंदाला २४० चित्रं घेतो, ती ३० च्या गतीनं दाखवली तर आठपटच होतं. तरी करून पाहिलं. पुठ्ठ्याची एक खोटी इमारत कापली, आत बारीक वाळू भरली, आणि त्याच्या पावलापाशी ठेवून काडीनं ढकलली. पहिल्या खेपेला माझा अंगठा दिसला. दुसऱ्या खेपेला इमारत त्याच्या अंगावरच पडली. चौथ्या खेपेला वाळू धुरासारखी उसळली, आणि तो नुसता उभा. काहीही न करता. मी ते चार सेकंदांचं चित्रण किती वेळा पाहिलं ते लिहीत नाही.

सोबत त्याच्या तोंडातून निघणाऱ्या जाळणाऱ्या श्वासाचा एक अर्धपारदर्शक तुकडा मिळाला आहे, जबड्यात अडकवायचा. निळा किरण नाही, पांढरं धुकं, पहिल्या सिनेमात दिसतं तसंच. ज्यानं हे ठरवलं त्याला माझा नमस्कार. वापरला मात्र नाही, तोंड मिटलेलंच जास्त भारी दिसतं.

शनिवार

घोटा तीन दिवस टिकला, अजून हललेला नाही.

कुणी विचारलंच घेऊ का म्हणून, तर घे म्हणेन. पण घोटा आधी तपासायचा, मानेची फट सहन करायची, उन्हात ठेवायचा नाही, आणि कायमचा खोक्यातही कोंबायचा नाही. मऊ प्लॅस्टिकमधला तेलकटपणा बाहेर येतो आणि बंद जागेत ते चिकट होतं. माझ्या जुन्या संग्रहातले दोन असेच हाताला चिकटायला लागले. आवाजाचं बटण नाही म्हणून नाराज होणारे होतील. मी नाही. ती डरकाळी संगीतकार इफुकुबे अकिरा यांनी कॉन्ट्राबास या व्हायोलिनसारख्या मोठ्या वाद्याची सैल केलेली तार राळ लावलेल्या चामडी हातमोज्यानं घासून काढली होती. पोटातल्या चकतीएवढ्या स्पीकरमधून ती चिवचिवली असती.

आई आज फळी पुसत होती. बाकीचे सगळे उचलून पुसले, याच्या भोवतीनं फडकं फिरवलं. का गं, म्हटलं, तर म्हणे, "हा चाललाय कुठेतरी. मध्ये नको."

संध्याकाळी भाच्याचा संदेश: मावशी, त्यानं उडी मारली का?

नाही रे. पाऊल टाकतोय.

अजून?

अजून.