पडद्यावरचा पाऊस

"पाऊस सुरू झाला की सिनेमा अडकतो," असे दांडिया बाजारातल्या एका काकांनी आषाढात फोनवर सांगितले, तेव्हा त्यांच्या जुन्या वाड्याच्या भिंतीतली ओल केबलपर्यंत पोहोचली असावी, असेच मी धरून चाललो. बडोद्यात घरोघरी होम थिएटर बसवून देण्याचे काम मी करतो. जाडजूड भिंतींतून वायफाय नीट पोहोचत नाही, त्यामुळे अशा वाड्यांत सगळी भिस्त केबलवर असते.

वरच्या दिवाणखान्यात प्रोजेक्टर, स्पीकर आणि प्लेअर होते. खालच्या खोलीतल्या छोट्या संगणकावर जेलीफिन, म्हणजे साठवलेले सिनेमे घरातल्या पडद्यावर पाठवणारा सर्व्हर प्रोग्रॅम होता आणि काकांनी स्वतःच्या ब्लू-रे डिस्कवरून हौसेने उतरवून घेतलेले सिनेमे त्यात होते. सर्व्हर कमजोर आहे, नवा घ्या, असा सल्ला त्यांना एका दुकानातून मिळाला होता. मी डॅशबोर्ड उघडला, तर फाइल कोणतेही रूपांतर न होता जशीच्या तशी वर जात होती आणि प्रोसेसरवर नावापुरताच भार होता. काकांना नव्या संगणकाच्या खर्चात पडू द्यायचे नाही, हे मी तेव्हाच ठरवले.

केबलची दोन्ही टोके कोरडी होती. "काका, अडकतं तिथूनच लावा बरं," असे मी म्हटले. दोन दिवस उघडीप होती, खिडकीतून ऊन येत होते आणि पडद्यावर मुसळधार पाऊस सुरू होताच चित्र थबकले.

"हाच पाऊस म्हणत होतो मी," काका म्हणाले.

व्हिडिओची फाइल लहान करताना एका चौकटीतून (फ्रेममधून) दुसऱ्या चौकटीत जे बदलत नाही, ते पुन्हा साठवले जात नाही. पावसात मात्र प्रत्येक थेंब दर चौकटीत जागा बदलतो, त्यामुळे वाचवण्यासारखे फारसे उरत नाही. त्या ४के फाइलचा एरवी सेकंदाला सुमारे ७० मेगाबिट असलेला प्रवाह तिथे ११० च्या वर जात होता. खालून वर वेग मोजला, तर ९४ भरला. प्लेअर आणि नेटवर्कच्या केबल जोडणारा स्विच दोन्ही गिगाबिटचे, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचे असताना हा आकडा १०० मेगाबिटच्या जोडणीचा होता.

भिंतीवरची पेटी उघडली. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चार पुरतात. इथे नारिंगी आणि हिरवी जोडी सॉकेटमध्ये होती, तपकिरी जोडी कापून गुंडाळलेली होती आणि निळी जोडी खालच्या दाराच्या बेलकडे गेली होती. वर हाक ऐकू येत नाही म्हणून काकूंनी ती बेल बसवून घेतली होती, आणि वायरमनने हाताशी असलेल्या तारा वापरल्या होत्या.

काकूंची बेल बंद ठेवून सिनेमा चालवणे मला पटणारे नव्हते. बेलसाठी वेगळी वायर ओढली, नवी कॅट-६ केबल जुन्याच पाइपातून नेली आणि आठही तारा दाबून बसवल्या. वेग ९४० च्या आसपास आला. संध्याकाळी काकांनी तोच पाऊस तीनदा लावला. तिसऱ्या वेळी काकूंनी खाली जाऊन बेल वाजवून पाहिली. ती वर स्पष्ट ऐकू आली आणि पडद्यावर पाऊस पडतच होता.