भाड्याचा कॅमेरा आणि पुण्याचा उजेड: दीड दिवसाची भटकंती

मामेभावाला लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ दोन्ही करायचे आहेत, पण पैसे आहेत एकाच कॅमेऱ्यापुरते. परीक्षणांचे व्हिडिओ बघून बघून त्याचं डोकं भणभणलं होतं. म्हटलं, विकत घेण्याआधी सोनी ए सेव्हन मार्क फोर दीड दिवस भाड्यानं घेऊ, सोबत २४-७० मिमी एफ २.८ झूम लेन्स, आणि पुण्यात हिंडू.

भाड्यानं घेताना एक करा. दुकानाच्या दारातच एफ १६ वर (लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून) आकाशाचा एक फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. आमच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात दोन काळे ठिपके दिसले, सेन्सरवरची धूळ. तिथल्या तिथे साफ करून घेतली; नाहीतर परत देताना ती आमच्या नावावर जमा झाली असती.

शनिवारी पहाटे सिंहगड. १३०० मीटरच्या वर थंडीत बोटं वाकेनात, पण धुक्यात पुणे दरवाज्याचे फोटो झकास आले. ३३ मेगापिक्सेल असल्यानं नंतर कातरायला भरपूर जागा उरते. व्हिडिओत मात्र नऊच्या उन्हानं आमची फजिती केली. नंतर रंग हवे तसे फिरवता यावेत म्हणून मामेभावानं एस-लॉग ३ (मुद्दाम फिकट, सपाट चित्र नोंदवणारी पद्धत) लावलं. त्यात नेहमीचा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ८०० च्या खाली जात नाही. सेकंदाला २५ फ्रेम्स असताना हालचाल सहज दिसायला शटर १/५० सेकंदाचं हवं. आता हिशेब करा: कडक उन्हात छिद्र एफ १६ इतकं बारीक केलं तरी उजेड चार स्टॉप जास्तच (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), आणि एफ ४ वर आठ. एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच, घरी विसरलेला. मग शटर १/१००० वर नेऊन उरकलं, तर गड चढणारी माणसं तुटक तुटक, झटके देत चालल्यासारखी दिसली. कॅमेऱ्याचा यात काही दोष नाही. गडावर व्हिडिओ करणार असाल तर आधी एनडी पिशवीत टाका, मग पिठलं-भाकरीचा विचार करा. (दही मात्र मडक्यातलंच घ्या.)

हळू गतीची दृश्यं हवी म्हणून ४के ५० फ्रेम्स लावल्या. त्यात हा कॅमेरा चित्र दीडपटीनं कातरतो. २४ ची लेन्स ३६ ची होते. गडावर हे खटकलं नाही. पण मांडवाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभं राहणाऱ्याला ते नक्की खटकेल.

दुपारी जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. मला विचाराल तर पुण्यात कॅमेरा पारखायला याहून चांगली जागा नाही. आठव्या शतकातलं लेणं, आत मिट्ट काळोख, आणि बाहेर अंगणात उन्हात तळपणारा गोल नंदीमंडप. आतल्या खांबाआडून बाहेर बघत एकच फोटो घ्यायचा, उजेड मंडपाप्रमाणे धरायचा. स्क्रीनवर खांब कोळशासारखे दिसतात. घरी रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फाइलमध्ये सावल्या चार स्टॉप वर ओढल्या, तर छिन्नीचे घाव दिसायला लागले. थोडी खरखर होती, पण छपाईत खपून जाईल इतकीच. हीच चौकट व्हिडिओत घेतली तेव्हा सावल्यांतली खरखर चांगलीच वळवळली. संरक्षित स्मारक असल्यानं परवानगीशिवाय तिपाई चालत नाही, त्यामुळे सगळं हातात धरूनच. १/८ शटरला पाचातले तीन फोटो लख्ख आले. व्हिडिओत उभं राहून धरलं तर स्थिर; चालायला लागलं की प्रत्येक पाऊल कळतं. गिंबलचे (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्याचे) पैसे वाचतील ही आशा मामेभावानं तिथेच सोडली.

संध्याकाळी महात्मा फुले मंडई. मेट्रोनं जा, मंडई स्टेशनच आहे, गाडी लावायची कटकट नको. भाजीवाल्या मावशी बुजू नयेत म्हणून मी सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं. तरी एकीनं ओळखलंच: "दादा, मेथी घेणार का नुसता फोटोच?" मेथी घेतली, फोटोही घेतला, आणि बघतो तर मावशींच्या चेहऱ्यावर आडवे पट्टे! एलईडी दिवे लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीनं वाचतं, त्यामुळे उजेड-अंधार दोन्ही त्यात उतरतात. यांत्रिक शटर आणि १/१०० वर आलो तेव्हा पट्टे गेले. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून व्हिडिओही पॅलमध्ये, २५ किंवा ५० फ्रेम्सना लावा. भाड्याचा कॅमेरा बरेचदा एनटीएससीवर (६० हर्ट्झवाल्या देशांच्या पद्धतीवर, ३० किंवा ६० फ्रेम्सना) असतो. चेहऱ्यावरचा फोकस मात्र गर्दीत, कोथिंबिरीच्या जुड्यांआडूनही सुटला नाही. लग्नात हार घालताना हेच लागतं.

मोडच्या चकतीखाली फोटो-व्हिडिओची वेगळी कडी आहे. मेनूत दोन्हींसाठी वेगळी सेटिंग्ज ठेवायची सोय आधी चालू करा. आम्ही ती दुपारी शोधली. तोवरचे निम्मे फोटो १/५० शटरनं हललेले.

कार्डावर उगाच पैसे घालवू नका. ४के २५ फ्रेम्स, १०-बिट (रंगांच्या जास्त छटा टिपणारं), सेकंदाला १४० मेगाबिटचं चित्रीकरण मिनिटाला साधारण १ जीबी खातं, आणि त्याला चांगलं व्ही ३० (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं) कार्ड पुरतं. पॉवरबँक यूएसबी-सी पीडीवाली (जास्त वीज देणारी) घ्या, कॅमेरा चालू असतानाही वीज पुरवते.

खरी परीक्षा रविवारी सकाळी घरी झाली. मामेभावाच्या सहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर त्या १०-बिट फाइली धापा टाकायला लागल्या. मंडईची चार मिनिटं जोडायची म्हणून आधी हलक्या प्रॉक्सी फाइली (संपादनापुरत्या कमी दर्जाच्या नकला) बनवायला लावल्या. तेवढ्यात आमचं जेवण, पान आणि मामाचं व्याख्यान असं सगळं आटोपलं. मामेभावानं वहीत कॅमेऱ्याच्या किमतीखाली लॅपटॉप, एनडी आणि दुसरी बॅटरी लिहिली, बेरीज केली आणि वही मिटली. मे महिन्यात भाचीच्या लग्नात हाच कॅमेरा पुन्हा भाड्यानं घेणार आहे, एलईडीवाल्या हॉलमध्ये. परत देताना कार्ड काढायला आम्ही विसरलो होतो. अर्ध्या वाटेतून मागे फिरलो.