अजून टॉवेलच काढतेस का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. विचारणारे वेगवेगळे असतात, प्रश्न मात्र एकच. कॉलेजच्या मैत्रिणी फोनवर म्हणतात, "अजून टॉवेलच काढतेस का गं?" लग्नात भेटलेली मावशी म्हणते, "पुण्यात इतकी वर्षं चित्रकला शिकलीस आणि शेवटी कारखान्याचंच काम?" अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला असलेली इथली मुलं घरी येतात आणि जरा भीत भीत विचारतात, "मॅडम, इलस्ट्रेशनवर घर चालत नाही म्हणून डिझाइनिंग करता का?"

मी मुलांच्या पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते. शिवाय इथे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी टॉवेल-चादरींची डिझाइनं करते. पैशांत बघायचं तर दुसऱ्या कामाचा वाटा मोठा आहे. हे मी कधीच लपवलेलं नाही. पण या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पुस्तकातलं चित्र ही माझी कला आणि टॉवेलवरचा मोर ही माझी हार. ते मला मान्य नाही. निदान बहुतेक दिवस तरी नाही.

असं काही बोलले की हमखास चित्रकार एम. एफ. हुसेन पुढे केले जातात. "आपल्या पंढरपूरचा माणूस, गेला ना मुंबईला, झाला ना मोठा?" गेले, आणि तिथे कितीतरी वर्षं त्यांनी सिनेमाची होर्डिंग रंगवली, लहान मुलांच्या खेळण्यांची डिझाइनं केली. हा भाग कुणी सांगत नाही. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं आपण आजही जपून ठेवतो, पण दलालांचा आर्ट स्टुडिओ होता आणि तिथे धंद्याचीच कामं चालायची. रघुवीर मुळगावकरांची चित्रं घराघरांत पोचली ती कॅलेंडरांवरून. आपल्याकडे पुस्तकांची चित्रं काढणाऱ्यांनी बाजारापासून सोवळं पाळल्याचं मला तरी कुठे दिसत नाही. मग सोलापुरातल्या बाईनं टॉवेल काढला की तेवढंच का खुपतं?

आता त्या कामाबद्दल थोडं, कारण ते न बघताच त्याला हलकं म्हटलं जातं. जेकार्ड म्हणजे मागावर बसवलेलं, नक्षी विणणारं यंत्र. त्याचं डिझाइन ग्राफवर काढतात आणि त्यातली प्रत्येक चौकट म्हणजे ताण्याचा (उभ्या धाग्याचा) आणि बाण्याचा (आडव्या धाग्याचा) एक छेद. ताण्याचे तार आणि बाण्याचे तार इंचाला सारखे नसतात. त्यामुळे साध्या चौकोनी ग्राफवर गोल काढला तर कापडावर तो अंड्यासारखा उतरतो. चौकटीचं माप त्या कापडाच्या हिशेबानं धरावं लागतं, तेव्हा कुठे गोल गोल राहतो. रंग मोजके, एकात एक मिसळता येत नाहीत. धागा बांधल्याशिवाय फार लांब मोकळा सोडला तर तो नखात, बांगडीत अडकून ओढला जातो, म्हणून मोठ्या सपाट जागेतही बांधणी लपवून बसवावी लागते. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरतात. वर पांढऱ्यावर लाल मोर असेल तर खाली लालवर पांढरा. म्हणजे मोर आणि मोराभोवतीची रिकामी जागा, दोन्ही सारख्याच मन लावून काढायच्या. रिकाम्या जागेबद्दल कॉलेजात आम्हाला भरपूर सांगितलं होतं. मला ती कळली चादर उलटी करून बघितल्यावर.

हे वाचून बाविशीतली मी नक्की चिडली असती. ती म्हणाली असती, छान शोधून काढलीस कारणं, पण मागाला जमेल तेवढंच काढायची सवय एकदा हाताला लागली की मोकळी रेघ येईल का? तिला द्यायला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. दोन-तीन आठवडे नुसते चौकटीच भरल्यावर ब्रश घेतला की पहिले काही कागद खरंच ताठ येतात. मग हात सुटतो. प्रत्येक वेळी सुटेल, याची मात्र खात्री नाही.

आणि तुम्ही विचारता त्यामागे आणखी एक गोष्ट असते, जी अर्धवट ऐकून तुम्ही येता. "ते मोठं पुस्तक तू सोडलंस म्हणे?" तर ते एकदा नीट सांगते.

एका मोठ्या शहरातल्या प्रकाशनसंस्थेनं मला चित्रगोष्ट दिली होती. मुलांच्या पुस्तकांत त्यांचं नाव चांगलं होतं. अशा ठिकाणी एक पुस्तक आलं की पुढची कामं आपोआप येतात, हे मला ठाऊक होतं. गोष्ट एका मुलाची. तो दुपारी वडिलांचा डबा घेऊन जातो. वडील विणकर. मुलाला शाळेत काहीतरी घडलेलं सांगायचंय. तो दारातून हाका मारतो, वडिलांना ऐकू येत नाही. मग तो वेगळ्याच पद्धतीनं सांगतो आणि वडिलांना कळतं. गोष्टीत गावाचं नाव नव्हतं, पण मला वाचताक्षणी विडी घरकुल, ही सोलापुरातली विडी कामगारांची वसाहत, दिसलं, कारण मी तिथे वाढले. माझे वडील मागावर होते, आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. हा डबा मी स्वतः नेलेला आहे.

मी रफ, म्हणजे कच्ची चित्रं, काढली ती कारखान्यात बसून. ओळखीच्या कारखानदाराला विचारून दुपारभर एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसले. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारी उभा माणूस ओरडला तरी कळत नाही. मागांच्या डोक्यावर जेकार्ड, त्यातून खाली उतरलेले शेकडो दोर, जुन्या मागांवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. ट्यूबलाइटवर, भुवयांवर, डब्याच्या झाकणावर कापसाचं तूस. आणि या आवाजात लोक हातांनी बोलतात. कांडी (बाण्याच्या धाग्याची गुंडाळी) संपली, तार तुटला, चहा आला, मालक आला, सगळ्याला खूण आहे. गोष्टीतला मुलगा वडिलांना काय पद्धतीनं सांगतो हे लेखकानं मोकळं सोडलं होतं. मला ते तिथे बसल्या बसल्या मिळालं. मुलगा खुणांनी सांगतो. मधलं जोडपान मी तसं केलं. डावीकडे मागांची रांग, पार कडेपर्यंत. उजवीकडे दारातल्या उजेडात हात उंचावलेला मुलगा. मध्ये एकही शब्द नाही. आजवर काढलेल्या रफांमध्ये मला सगळ्यांत आवडलेलं पान ते.

संपादकबाईंचा फोन आला. बोलायला अतिशय नम्र. आधी म्हणाल्या, घराच्या पानावर आई विड्या वळताना दिसते, लहान मुलांच्या पुस्तकात तंबाखू नको. मी लगेच हो म्हटलं. मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. आईच्या हातात कांड्या दिल्या, घरी तेही काम चालतंच. मग त्या म्हणाल्या, "आणि ते यंत्रमाग जरा काढून टाकू या. फार मशिनरी होतेय. हातमाग दाखवा ना. एखादा चरखाही चालेल. वाचणाऱ्या मुलांना पटकन कळेल आणि पान सुंदर दिसेल."

मी म्हटलं, ताई, हातमागावर वडिलांना ऐकू येईल. मुलगा दारात उभा राहून हाका मारतोय आणि बाप वळून बघत नाही, याचं कारणच तो आवाज आहे. यंत्रमाग काढून टाकला तर बाप रागावलेला दिसेल. त्या म्हणाल्या, मजकुरात ‘कामात गुंग’ असा शब्द घालता येईल. मी म्हटलं, आमच्याकडे टॉवेल-चादरी यंत्रमागावर होतात, तो मुलगा आजचा आहे, त्याच्या पाठीवर शाळेचं दप्तर आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही खूप जवळून बघताय. सगळ्या मुलांनी सोलापूर पाहिलेलं नसतं."

पुस्तक असतं कशाला मग, असं माझ्या तोंडावर आलं होतं. बोलले नाही. दोन दिवसांनी एक मधला मार्ग काढून पाठवला. माग कमी केले, दोर साधे केले, रंग उबदार घेतले, पण यंत्रमाग ठेवला. त्यांचं पत्र आलं की संपादक मंडळाला हातमागच हवा आहे. मी कळवलं, मला तो या गोष्टीत काढता येणार नाही. मानधनाचा पहिला हप्ता रफ मंजूर झाल्यावर मिळायचा होता. रफ मंजूर झालीच नाहीत, त्यामुळे हप्ता नाही. त्यांनी काही बुडवलं असं मी म्हणत नाही, ठरलं होतं तसंच झालं. गोष्ट दुसऱ्या चित्रकाराकडे गेली.

पुस्तक आलं तेव्हा मी ते विकत घेतलं. हातमाग आहे, खिडकीतून ऊन येतंय, बाप पाठमोरा आहे. चित्रं चांगली आहेत. मुलाचा चेहरा तर माझ्यापेक्षा चांगला जमलाय, हे मला पहिल्या पानावरच कळलं आणि तेच जास्त लागलं. भाचीला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ती विचारेल, बाबा ओ का देत नाहीत? तिनं तसलं काही विचारलं नाही. पुन्हा वाच म्हणाली. लागोपाठ तीनदा वाचून घेतलं.

म्हणून मी बरोबर होते असं तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. संपादकांना जे कळतं ते मला त्या दिवशी कळत नव्हतं, असंही असेल. पण अजूनही तो हातमाग माझ्या हातून उतरला असता असं वाटत नाही. ज्या कामानं माझ्या वडिलांचे कान गेले, ते पान सुंदर दिसावं म्हणून पुसायचं, हे मला जमलं नसतं.

आणि हे ‘नाही’ मी म्हणू शकले ते टॉवेलमुळे. त्या महिन्यात एका कारखान्याचं निर्यातीच्या टॉवेलचं काम हातात होतं. घराचा हप्ता, वडिलांच्या कानाचं मशीन, सगळं त्यातून निघालं. ते नसतं तर मी हातमाग काढला असता का? बहुधा काढला असता. तुमच्या प्रश्नाला माझं जे काही उत्तर आहे ते एवढंच आहे.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी त्यानंतर करार वाचायला लावते, कारण घाईला आलेला माणूस करार वाचत नाही, सही करतो. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की कुणी पैसे देऊन चित्र रंगवून घेतलं आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या चित्राच्या हक्कांचा पहिला मालक ते पैसे देऊन करवून घेणारा असतो. चित्रकार नव्हे. हे ऐकून पोरं दचकतात. कलम 19 म्हणतं, हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणूनच छापील करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द आधीच टाकलेले असतात. ते खोडून मागता येतात. नेहमी मिळतं असं नाही. आणि कलम 57 प्रमाणे हक्क विकल्यावरही चित्र आपलं आहे हे सांगण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो. आतल्या पानावर बारीक अक्षरांत का होईना, नाव मागा. मागायला लाजू नका.

टॉवेलवर माझं नाव येत नाही. हे मला खुपतं का? हो, खुपतं. इथल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत एका दुकानात माझीच चादर टांगलेली बघून मी थांबले होते. दुकानदाराला सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.

अलीकडे नवी काळजी आहे. कारखानदार मोबाईल पुढे करतात, एआयनं काढलेला मोर असतो, पिसापिसात शेकडो रंग. "मॅडम, हे असंच उतरवा की." मी समजावते, मागाला एवढे रंग नसतात, हा पिसारा विणला तर धागे लोंबतील. आज ते ऐकतात, कारण माग ऐकत नाही. उद्या ही बांधणीची अक्कलही यंत्रात आली तर माझं हे पाठीशी असलेलं काम जाईल, आणि मग पुढच्या संपादकाला नाही म्हणायला माझ्याकडे काय उरेल ते मला ठाऊक नाही. पुस्तकांच्या चित्रांचंही तेच होऊ घातलंय. तुम्ही खरं तर हे विचारायला हवं. कुणी विचारत नाही.

सध्या एका नव्या गोष्टीची रफ पाठवली आहेत. यात माग नाही, एसटी स्टँड आहे, पहाटेचं. करारात ‘कायमस्वरूपी’च्या जागी पाच वर्षं लिहून मागितलं आहे आणि रफ नामंजूर झाली तरी तेवढ्या कामाचे पैसे मिळावेत अशी ओळ घातली आहे. त्यांचं उत्तर यायचंय. हे पुस्तक झालं आणि त्यामागून आणखी आली, तरी टॉवेल सोडेन का, हे मला आज सांगता येणार नाही.