डॅनी बार्करच्या गावात

न्यू ऑर्लिन्सला जाणारे बहुतेक जण जॅझचा ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याच्यासाठी जातात. मीही त्याच्या नावाच्या पार्कात गेलो, काँगो स्क्वेअरच्या दगडी फरशीवर बराच वेळ बसलो. पण मला खरी ओढ होती ती डॅनी बार्करच्या गावाची.

बँजो आणि गिटार वाजवणारा बार्कर इथेच १९०९ साली जन्मला. आजोबा इझिडोर बार्बरिन ब्रास बँडमधले, मामा पॉल बार्बरिन नामांकित ड्रमर. तरुणपणी तो न्यूयॉर्कला गेला आणि कॅब कॅलोवेच्या गाजलेल्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. १९६५ मध्ये गायिका बायको ब्लू लू हिच्यासह परतला, तेव्हा रस्त्यावरचे जुने ब्रास बँड विरळ झाले होते. तरुणांना दुसरंच संगीत खुणावत होतं. बार्करनं जॅझ म्युझियममध्ये नोकरी धरली, पण नुसती जुनी वाद्यं काचेआड ठेवून त्याचं समाधान होणार नव्हतं.

१९७०च्या सुमारास फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या पाद्र्यांनी त्याला मुलांचा बँड उभा करायला सांगितलं. किशोरवयीन लिरॉय जोन्स ट्रम्पेट घेऊन पुढे चालू लागला. पुढे ट्रम्पेटवादक म्हणून जगभर गाजलेला विंटन मार्सालिस लहानपणी याच बँडमध्ये होता. पुढे संगीतकारांच्या युनियनमधून तक्रार झाली, की हा माणूस पोरांना राबवतो. बार्कर बाजूला झाला. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. पण पोरं थांबली नाहीत. हरिकेन ब्रास बँड या नावानं वाजवत राहिली.

फ्रेंच क्वार्टरमधल्या सेंट पीटर स्ट्रीटवर प्रिझर्व्हेशन हॉल आहे, १९६१ पासून चालू. नाव हॉल, प्रत्यक्षात पोपडे उडालेल्या भिंतींची छोटीशी खोली. बसायला लाकडी बाकं, पुढे जमिनीवर गाद्या. मी अगदी पुढे बसलो होतो. ट्रॉम्बोनवाल्यानं स्लाइड पुढे सारली की तिचं टोक माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर यायचं, आणि पितळेतली हवा स्वर होण्याआधी नुसती फुंकर म्हणून ऐकू यायची. रेकॉर्डवर हे कधीच ऐकलं नव्हतं.

जॅझ फ्युनरल इथली जुनी रीत. स्मशानाकडे जाताना संथ भजनं, स्नेअर ड्रमची तार सैल करून आवाज दबका ठेवलेला; दफन झालं की तार ताणायची आणि नाचत परतायचं. आयुष्याच्या शेवटी बार्करला ही अंत्ययात्रा स्वतःसाठी नको होती. शिस्त गेली, धांगडधिंगा उरला, असं त्याचं म्हणणं. ग्रेग स्टॅफर्डसारख्या पुढच्या पिढीतल्या वादकांनी सगळं जुन्या रीतीनं करू असा शब्द दिला. १९९४ च्या मार्चमध्ये तो गेला, तेव्हा त्यांनी तो पाळला.

तुम्ही गेलात तर रविवारची दुपार मोकळी ठेवा. भर उन्हाळा सोडला तर बहुतेक रविवारी कुठल्या ना कुठल्या वस्तीत सेकंड लाइनची, म्हणजे बँडमागे लोक नाचत चालतात ती, मिरवणूक निघते. तिकीट नाही. पायात चांगले बूट घाला, बँडच्या मागे चालू लागा आणि सुसाफोनच्या, त्या अंगाभोवती वळसा घातलेल्या मोठ्या पितळी वाद्याच्या, जवळ राहा. ठेका तिथे पोटात घुमतो.