मालकालाही चहा विकतच

आबांना फोनवर सांगितलं, "मी इथल्या एका फुटबॉल क्लबचा मालक झालोय."

दोन क्षण पलीकडून काहीच आवाज नाही. मग, "किती टक्के?"

"टक्के नसतात. प्रत्येक सभासदाला एक मत."

"मग तालमीगतच की रं! त्यात काय सांगायचं एवढं?"

खरं होतं त्यांचं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या आमच्या कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची नावं तालमींची. शाहू स्टेडियमवर पोरं पेठेसाठी भांडतात आणि पेठ वर्गणी काढते. असल्या गावात वाढलेल्या माणसाला मँचेस्टरमध्ये येऊन हे नव्याने कळायला दोन वर्षं लागली, याची थोडी लाजच वाटली.

मला मुळात जायचं होतं ओल्ड ट्रॅफर्डला, मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर. शाळेत असताना रात्री आवाज बारीक करून टीव्हीवर युनायटेडच्या मॅचेस बघितलेल्या, त्यामुळे इथे नोकरी लागल्यावर पहिला विचार तोच. सभासदत्व, तिकिटांची सोडत, वर तिकिटाची किंमत. दोनदा हात चोळत बसलो. तेव्हा ऑफिसातला एक साठीकडे झुकलेला सहकारी म्हणाला, "शनिवारी मॉस्टनला चल. युनायटेडच दाखवतो, पण आमचं."

त्यांचं म्हणजे एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. मे 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड घेतला. व्यवहार सुमारे 790 दशलक्ष पौंडांचा. त्यातला मोठा भाग कर्जाचा आणि त्या कर्जाचं बरंचसं ओझं क्लबच्याच डोक्यावर. म्हणजे घर विकत घ्यायचं आणि हप्ते घरातल्या म्हातारीकडून वसूल करायचे. चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा क्लब काढला. नाव मतदानाने ठरवलं आणि थेट इंग्लिश फुटबॉलच्या वरून दहाव्या पायरीवरच्या लीगमधून सुरुवात केली. पहिल्या तीन हंगामांत तीन बढत्या. 5 नोव्हेंबर 2010 ला एफए कप या स्पर्धेत चार पायऱ्या वरच्या रॉचडेल क्लबला त्यांच्याच मैदानावर 3-2 ने हरवलं, शेवटचा गोल भरपाई वेळेत. या गोलाची गोष्ट मी आजवर निदान दहा जणांकडून ऐकली असेल, आणि प्रत्येकजण त्या गोलाच्या अगदी मागेच उभा होता.

2019 मध्ये संघ घसरून नॉर्दर्न प्रीमियर लीगमध्ये आला, म्हणजे वरून सातव्या पायरीवर. खेळाडू दिवसा नोकऱ्या करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. पहिल्या दिवशी मी पाहिलेला खेळ, खोटं कशाला बोलू, बेतासबात होता. चेंडू बराच वेळ हवेत. पण शर्टावर कुणाची जाहिरात नव्हती, गोलमागच्या उभ्याच्या स्टँडमध्ये नव्वद मिनिटं गाणी चालू होती आणि पावसात भिजत मीही शेवटी काहीतरी पुटपुटू लागलो होतो. शब्द येत नव्हते. चाल येत होती.

सभासद होणं अगदीच सोपं निघालं. ऑनलाइन अर्ज, वर्षाची वर्गणी, झालं. कागदोपत्री हा क्लब म्हणजे सहकारी धर्तीची, समाजाच्या हितासाठी नोंदलेली संस्था आहे. मंडळ सभासद निवडतात. नफा वाटला जात नाही. ब्रॉडहर्स्ट पार्क हे मैदान बांधताना त्यांनी लोकांकडून समभाग घेऊन 20 लाख पौंडांच्या आसपास रक्कम उभी केली होती. या समभागांची गंमत अशी की ते बाजारात विकता येत नाहीत, त्यांची किंमत वाढत नाही, आणि कितीही घेतले तरी मत एकच. माझ्यातला साखर कारखान्याच्या गावचा माणूस इथे लगेच सावध झाला. सहकारात एक सभासद एक मत हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, आणि पुढे त्याचं काय काय होतं तेही बघितलेलं. म्हणून ठरवलं, नुसतं कार्ड खिशात ठेवून बसायचं नाही.

तर स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. मला वाटलं, संगणकाचं काहीतरी काम देतील. मिळाला लांब दांड्याचा वायपर. सामन्याआधी स्टँडच्या पायऱ्यांवर साचलेलं पाणी लोटायचं. हा सेंट मेरीज रोडकडचा स्टँडही सेकंडहँड. नॉर्थविच व्हिक्टोरिया या क्लबचं व्हिक्टोरिया स्टेडियम मोडलं, तिथून तो आणलेला. आबांना हे फार आवडलं. "लोखंड जुनंच घ्यावं," म्हणाले.

दुसऱ्या महिन्यात बढती होऊन चहाच्या खिडकीवर आलो. इथे माझी फजिती झाली. वीस पेन्स आणि पन्नास पेन्स, दोन्ही नाणी सातकोनी. आकारात फरक आहे, पण डिसेंबरात बोटं बधिर झाली आणि मध्यंतराची रांग दारापर्यंत गेली, की तो फरक डोळ्यांनाही दिसत नाही. मी बहुधा अर्ध्या मँचेस्टरला वीसच्या जागी पन्नास परत दिले. गल्ला मोजला तर साडेआठ पौंड कमी. गपचूप पाकीट काढलं आणि दहाची नोट गल्ल्यात सरकवली.

खिडकी सांभाळणाऱ्या आजींनी (इथे सगळे त्यांना नावानेच हाक मारतात, माझ्या तोंडून अजून निघत नाही) ती नोट उचलून माझ्या हातात परत दिली. "असं करायचं नाही, लव्ह. कमी आले तर कमी लिहायचे."

"पण चूक माझी आहे."

"म्हणूनच लिहायची. तू भरलेस तर हिशेब बरोबर दिसेल, आणि तो बरोबर नाहीये."

वहीत 8.50 कमी असं लिहिलं, खाली मी सही केली, शेजारी त्यांनी. नोकरीत इतकी वर्षं ऑडिट बघतोय, पण कुठल्या सहीला माझा हात असा थांबला नव्हता.

म्हणून सर्वसाधारण सभेला गेलो तेव्हा हिशेबाच्या कागदावर मी आधी काय शोधलं असेल? खाण्यापिण्याची ओळ. अख्ख्या वर्षाची रक्कम होती, त्यात माझे साडेआठ पौंड कुठेतरी विरघळलेले. सभा लांबली. तालमीच्या सभेत पहिल्या दहा मिनिटांत आवाज चढतो आणि अकराव्या मिनिटाला कुणीतरी "चला, मिटवा आता" म्हणतं. इथे कुणी ओरडत नाही, पण मिटवतही नाही. विजेच्या बिलावर एक निवृत्त शिक्षक वाटावा असा माणूस सलग चार प्रश्न विचारत होता, आणि पुढे बसलेल्या मंडळाला प्रत्येकाचं उत्तर द्यावं लागलं. ती माणसंही बिनपगारी, दिवसभर स्वतःची कामं करून आलेली. त्यांची मला दया आली आणि त्या शिक्षकाचा हेवाही वाटला.

मग एका नियमाच्या शब्दरचनेवर ठराव आला. "शक्यतो" हा शब्द ठेवायचा की काढायचा, एवढाच प्रश्न. क्लबच्या स्थापनेच्या तत्त्वांमध्ये धंदेवाईकपणा शक्य तिथे टाळू, असं आहेच. "शक्य तिथे" या दोन शब्दांत किती गोष्टी मावतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी पाऊण तास वाद घातला. मी ठरवून गेलो होतो की शब्द काढावा. पण बोलायला उठलोच नाही. इंग्रजी नोकरीपुरतं बरं आहे, पण भांडायला अजून मराठीच लागते. कार्ड मात्र वर केलं. आजूबाजूला बघितलं तर आमच्या रांगेत तीन कार्डं, पलीकडे जंगल.

खाली येताना चहाच्या आजी भेटल्या. त्यांनी उलट बाजूने मत दिलं होतं. "पुढच्या शनिवारी साडेबाराला ये," एवढंच म्हणाल्या, "आणि हातमोजे आण, बोटं उघडी असलेले."

रात्री आबांना फोन केला.

"काय झालं सभेचं?"

"हरलो."

"बोललास का?"

"नाही."

"मग हरणारच की. पुढच्या वेळंला म्होरं बस." थोडं थांबून, "चहा तरी दिला का सभेला?"

"विकत घ्यावा लागतो, आबा."

"मालकाला पण?"

"मालकाला पण."