सिंह येईपर्यंत मशीन बंद

१२ फेब्रुवारी २०१९, मंगळवार. चिनी वर्षाचा आठवा दिवस. तिथे प्रत्येक सालाला एका प्राण्याचं नाव असतं, हे साल डुकराचं. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी ग्वांगझूला राहून माल तपासायचो. फोशानजवळ शुंडेच्या एका कारखान्यात आमच्या पंख्यांच्या मोटारी अर्धवट पडून होत्या आणि पुण्याहून तगादा सुरू होता. म्हणून कारखाना उघडायच्या दिवशी सकाळी सातलाच मी फाटकावर हजर.

फाटकाच्या दोन्ही बाजूंना छोट्या नारिंगी फळांनी लगडलेल्या कुंड्या, प्रत्येक फांदीला लाल पाकीट. आत मशिनी बंद. पंचांगातून काढलेला मुहूर्त ८ वाजून ८ मिनिटांचा होता, त्याआधी कुणी बटणाला हात लावणार नव्हतं. खंडेनवमीला लेथला झेंडूचा हार घालणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. मी गप्प उभा राहिलो.

ऑफिसात ग्वान गोंगची लाल तोंडाची, लांब दाढीची मूर्ती आहे. अठराशे वर्षांपूर्वीचा हा सेनापती. शब्दाला जागणारा म्हणून व्यापारी त्याला पुजतात. मालकाने उदबत्त्या ओवाळल्या, तीनदा वाकला. समोर नैवेद्याला अख्खं भाजलेलं डुक्कर. साल डुकराचं असलं तरी डुकराला सवलत नाही!

मग ढोल वाजला. फोशान म्हणजे दक्षिणी सिंहनृत्याचं माहेरघर. बांबूच्या सांगाड्यावर कागद चिकटवून केलेलं ते डोकं, कपाळावर एक शिंग आणि दुष्ट शक्तींनी स्वतःचंच तोंड बघून पळावं म्हणून आरसा. आत दोन पोरं. फाटकावर उंच काठीला लेट्यूसचा गड्डा आणि लाल पाकीट टांगलेलं. सिंह थेट झडप घालत नाही. वास घेतो, बिचकतो, मागे सरतो, ढोल चढला की पुन्हा पुढे. शेवटी मागच्या पोराने पुढच्याला मांडीवर उभं केलं, गड्डा तोंडात गेला आणि दुसऱ्या क्षणी पानांचा चुरा मालकाच्या कोटावर उडाला. लेट्यूसचा कँटनी, म्हणजे तिथल्या भाषेतला, उच्चार ‘पैसा येवो’सारखा ऐकू येतो, त्यामुळे कोट खराब झालेला मालक त्या सकाळी सगळ्यात खूश होता. फटाक्यांना तिथे परवानगी नव्हती, म्हणून फटाक्यांचा आवाज स्पीकरवरून. तो भाग मला भिकार वाटला.

मला खरं गुंतवलं ते यानंतरच्या रांगेने. मालक स्वतः फाटकाशी उभा राहून प्रत्येक कामगाराला लाय-सी, म्हणजे लाल पाकीट, देत होता. द्यायचं दोन्ही हातांनी, घ्यायचंही दोन्ही हातांनी, समोर उघडायचं नाही. आत कोऱ्या नोटा, रक्कम लहान. चारचा आकडा मात्र चुकूनही नाही, कारण तो मरणाची आठवण करून देतो. आणि मालकाच्या मागे लाइन सुपरवायझर बाई यादी घेऊन खुणा करत होत्या.

ती यादी कोण परतलं याची होती. कामगार हूनान, सिच्वान, ग्वांग्शी, ग्वेजौ अशा दुसऱ्या प्रांतांतले. नववर्षाच्या आगेमागे ४० दिवसांत चीनमध्ये त्या वर्षी सुमारे ३०० कोटी प्रवास झाले, आणि गावी गेलेला माणूस त्याच कारखान्यात परत येईलच असं नाही. शेजारचा कारखाना थोडा जास्त पगार देतो, किंवा गावाकडेच काम मिळतं. म्हणून बरेच मालक बोनसचा काही भाग परत आल्यावरच देतात. सिंह, ढोल, मुहूर्त सगळं श्रद्धेनेच चाललं होतं, पण त्याच गजरात हजेरीही लागत होती. आमच्या असेंब्ली लाइनवरची साधारण तिसरा हिस्सा स्टुलं रिकामी होती. बाई दर थोड्या वेळाने वीचॅटवर, म्हणजे तिथल्या व्हॉट्सअॅपवर, कुणाला तरी ‘कुठवर आलास’ विचारत होत्या.

इतक्यात पॅकिंगच्या पोरींनी मला गाठलं. ग्वांगडाँगमध्ये, म्हणजे या प्रांतात, लग्न झालेल्यांनी बिनलग्नाच्यांना पाकीट द्यायचं असतं, आणि माझं लग्न झालंय हे त्यांना पक्कं ठाऊक. दहा-दहा युआनची पाकिटं मी खिशात घालूनच आलो होतो. यात वय मोजत नाहीत. चाळिशीतला अविवाहित फोर्कलिफ्टवाला ऑफिसातल्या पंचविशीच्या लग्न झालेल्या मुलीकडून हसत पाकीट घेऊन गेला.

मोटारींची लाइन नऊच्या सुमारास सुरू झाली, साडेअकराला थांबली. जेवण, डुकराचे वाटे, पत्ते. मी पुण्याला कळवलं: पूर्ण क्षमतेने काम १९ तारखेच्या कंदील उत्सवानंतर, कंटेनर त्यापुढे. फोन लगेच आला. “अहो, आज सुरू झालं म्हणालात ना?”

“झालं ना साहेब, मुहूर्तावर झालं.”

संध्याकाळच्या बसने हूनानची दोन पोरं धुरावर वाळवलेलं मांस घेऊन उतरली. बाईंनी त्यांची पाकिटं काढून ठेवली होती. उरलेल्या जागांसाठी दुसऱ्या दिवशी फाटकावर भरतीचा लाल कागद चिकटवला गेला.